अस्वल समोर आले तर : बचावाचे साधन कसे निवडावे?



वार्षिक पदभ्रमणाच्या आदल्या संध्याकाळी सामानाची तपासणी चालू असते, तेव्हा एक प्रश्न दरवर्षी हमखास येतो. पाठपिशवीचा पट्टा आवळता आवळता कुणीतरी विचारतो, "सर, वाटेत अस्वल आलं तर?" मी तोंड उघडण्याआधीच बाकीचे उत्तरे देऊन मोकळे होतात. एकाला रायफल हवी असते. दुसरा म्हणतो, खुकरी पुरे. तिसऱ्याने मेसमधून मिरचीपुडीची पुडी आधीच मिळवलेली असते. चौथा म्हणतो, झाडावर चढायचे, काळजी मिटली. पाचव्याला प्राथमिक शाळेतली दोन मित्रांची गोष्ट आठवते आणि तो सांगतो, श्वास रोखून मेल्याचे सोंग घ्यायचे.

ती गोष्ट तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. दोन मित्र रानातून चाललेले असतात. अस्वल येते. एक झाडावर चढतो. दुसरा जमिनीवर निपचित पडतो. अस्वल त्याच्या कानाशी हुंगते आणि निघून जाते. ही इसापाची गोष्ट अडीच हजार वर्षे सांगितली जात आहे. तिच्यातले युद्धशास्त्र कितपत खरे आहे, हे आपण या पाठाच्या शेवटी पाहू. त्याआधी वरची पाचही उत्तरे एकेक करून तपासायची आहेत.

तपासणीची कसोटी एकच ठेवू. जे साधन तुमच्या हातात दोन सेकंदांत येते आणि जे अस्वलाची भीती वाढवत नाही, ते चांगले. बाकी सगळे पाठीवरचे ओझे. दोनच सेकंद का, ते पुढे कळेल.

१. आधी ओळख

कोणत्याही मोहिमेआधी समोरचा कोण आहे हे जाणून घ्यावे लागते. भारतात अस्वलांच्या चार जाती आहेत आणि चौघांचे स्वभाव सारखे नाहीत.

पहिले आपले नेहमीचे काळे, झिपरे अस्वल. महाराष्ट्रात मेळघाट, ताडोबा, गडचिरोलीची जंगले आणि बुलढाण्याचे ज्ञानगंगा अभयारण्य, कर्नाटकात दरोजी, गुजरातेत जेसोर आणि रतनमहाल, शिवाय मध्य भारत आणि ओडिशाची जंगले ही त्याची घरे. लांब विस्कटलेले केस, फिकट रंगाचे लांबट तोंड, छातीवर इंग्रजी 'व्ही' किंवा 'यू' सारखी पांढुरकी खूण आणि बोटाएवढी लांब नखे. ही नखे शिकारीसाठी नसून वारुळे उकरण्यासाठी आहेत. वाळवी आणि मुंग्या हे याचे मुख्य अन्न. वरच्या जबड्यातले पुढचे दोन दात नसल्यामुळे त्या फटीतून ते वाळवी अक्षरशः ओढून घेते. त्या वेळी एवढा आवाज होतो की शंभर-दीडशे मीटरवरूनही तो ऐकू यावा. वाळवीखेरीज मध, मोहाची फुले, बोरे, जांभळे, टेंभुर्णीची फळे आणि बहाव्याच्या शेंगा त्याला आवडतात.

दुसरे हिमालयातले काळे अस्वल. काश्मीरपासून अरुणाचलपर्यंतच्या जंगलात ते राहते. केस तुलनेने आखूड, कान मोठे आणि गोल, छातीवर चंद्रकोरीसारखा पांढरट पट्टा. झाडावर चढण्यात पटाईत. शरद ऋतूत थंडीआधी अंगावर चरबी चढवण्यासाठी ते मक्याच्या शेतात आणि सफरचंद-अक्रोडांच्या बागांत उतरते. माणसाशी त्याची गाठ तेव्हाच अधिक पडते.

तिसरे हिमालयातले तपकिरी अस्वल. झाडे संपतात त्याच्या वर, लडाख, झंस्कार, स्पितीसारख्या उघड्या प्रदेशात ते आढळते. संख्येने फार थोडे उरले आहे. चौथे ईशान्येच्या जंगलातले सूर्य-अस्वल, जगातल्या सर्व अस्वलांत लहान.

आपल्या पदभ्रमणात ज्याच्याशी गाठ पडण्याची शक्यता सर्वांत अधिक, ते पहिले. आणि जंगलाच्या कडेला राहणारी माणसे वाघापेक्षाही ज्याला जपून असतात, तेही हेच. याचे कारण समजून घ्या. हे अस्वल माणसाला खाण्यासाठी हल्ला करत नाही. हजारो वर्षे ते वाघाच्या शेजारी राहिले आहे. वाघापुढे पळून सुटका नाही, म्हणून दचकल्याबरोबर अंगावर धावून जायचे, एवढाच बचाव ते शिकले. त्याचे नाक तीक्ष्ण आहे, पण नजर अधू आणि कान बेताचे. वारुळात तोंड खुपसून बसलेल्या अस्वलाला तुमची चाहूल लागत नाही. तुम्ही दहा पावलांवर येता, ते डोके वर काढते, आणि त्याच्या दृष्टीने तुम्ही आणि वाघ यांत फरक उरत नाही. मादीच्या पाठीवर पिल्ले बसलेली असली, तर प्रश्नच मिटला.

म्हणजे हा हल्ला बहुधा घाबरलेल्या प्राण्याचा बचाव असतो. साधन निवडताना ही एक गोष्ट सतत डोळ्यांपुढे ठेवा.

२. दोन सेकंदांचे गणित

अमेरिकेतले तपकिरी अस्वल ताशी पन्नास किलोमीटरहून अधिक वेगाने धावते. आपल्या अस्वलाला हिशोबात सवलत देऊ आणि त्याचा वेग ताशी ३६ किलोमीटर धरू. म्हणजे सेकंदाला १० मीटर. झुडपांच्या जंगलात वीस मीटरपलीकडचे क्वचितच दिसते. वीस मीटर भागिले दहा, उत्तर दोन सेकंद.

आता पळण्याचे गणित. मैदानावर तुम्ही शंभर मीटर तेरा सेकंदांत धावत असाल. पण पायांत बूट, पाठीवर ओझे, खाली दगडगोटे असताना सेकंदाला पाच मीटर धावलात तरी पुष्कळ. अस्वल दर सेकंदाला पाच मीटरने जवळ येईल आणि चौथ्या सेकंदाला गाठेल. तोवर तुम्ही वीस मीटर गेला असाल, आणि तुमची पाठ त्याच्याकडे असेल. पळण्याने मिळालेले दोन सेकंद असे वाया जातात, वर पाठलागाचे निमंत्रण दिले जाते.

झाडाचेही तसेच. आपले अस्वल मधाच्या पोळ्यांसाठी झाडावर चढते, हिमालयातले तर तुमच्याआधी शेंड्यावर पोचेल. दोन सेकंदांत तुम्ही फार तर पहिली फांदी पकडाल आणि पाय खाली लोंबकळत राहतील. चौथे उत्तर बाद.

३. साधनांची तपासणी

*बंदूक.* छात्रांना पदभ्रमणात बंदूक मिळत नाही, तेव्हा हा प्रश्न इथेच संपायला हवा. पण तुमच्यापैकी अनेक जण उद्या अधिकारी होऊन बंदुकीसह अशा प्रदेशात जाणार आहेत, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

अलास्कात लोक अस्वलांच्या प्रदेशात बंदूक घेऊन हिंडतात. टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या १८८३ ते २००९ या काळातल्या २६९ घटना गोळा करून २०१२ साली अभ्यास प्रसिद्ध केला. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरने ८४ टक्के घटनांत अस्वल थोपवले गेले, लांब नळीच्या बंदुकीने ७६ टक्के घटनांत. आकडे वाईट नाहीत. पण त्याच अभ्यासात आणखी एक निष्कर्ष आहे. ज्यांनी बंदूक वापरली आणि ज्यांनी जवळ असून वापरली नाही, त्यांना इजा होण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. खांद्यावरून बंदूक उतरवायला वेळ नसणे, चाप अडकणे, साथीदार मध्ये येणे, धावत्या प्राण्यावरचा नेम चुकणे ही त्यामागची कारणे. फायरिंग रेंजवर निशाणा स्थिर असतो, मागे मातीचा बांध असतो आणि उस्ताद शेजारी उभे असतात. जंगलात यांतले काहीच नसते. जखमी होऊन झुडपात शिरलेले अस्वल मागून येणाऱ्या प्रत्येकासाठी अधिक धोकादायक ठरते, हेही लक्षात ठेवा.

*बेअर स्प्रे.* लाल मिरचीतला तिखट अर्क दाबाखाली भरलेला हा डबा. अमेरिकेत त्याचे प्रमाण सरकारने ठरवून दिले आहे. तिखट द्रव्य एक ते दोन टक्के, फवारा किमान साडेसात मीटर पोचणारा आणि किमान सहा सेकंद टिकणारा. त्याच संशोधकांनी २००८ साली अलास्कातल्या १९८५ ते २००६ या काळातल्या ८३ घटना तपासल्या. तपकिरी अस्वलांच्या बाबतीत ९२ टक्के आणि काळ्या अस्वलांच्या बाबतीत ९० टक्के वेळा फवाऱ्याने अस्वलाचे नको ते वागणे थांबले. जवळ स्प्रे असलेल्या लोकांपैकी ९८ टक्के जणांना इजा झाली नाही.

म्हणून स्प्रे बंदुकीपेक्षा चांगला, असे लगेच वहीत लिहू नका. अभ्यासाचे आकडे वाचायलाही शिकले पाहिजे. हे दोन अभ्यास वेगवेगळ्या घटनांचे आहेत. स्प्रेच्या अनेक घटनांत अस्वल हल्ला करत नव्हते, तळाभोवती कुतूहलाने घुटमळत होते. त्यामुळे टक्क्याला टक्का लावून तुलना करता येत नाही. एवढे मात्र म्हणता येते की फवाऱ्याचा ढग रुंद पसरतो, अचूक नेम लागत नाही, प्राणी जखमी होत नाही आणि चुकून साथीदारावर उडाला तरी त्याचा जीव जात नाही. घाबरलेल्या माणसाच्या थरथरत्या हातासाठी हे गुण मोलाचे आहेत.

स्प्रे वापरायचा तर तो पाठपिशवीत नको, कमरेला किंवा छातीच्या पट्ट्याला हवा. अस्वल आठ-दहा मीटरवर आले की त्याच्या समोर, किंचित खाली रोखून फवारायचे, म्हणजे ते ढगात शिरते. वारा तोंडावर असेल तर पल्ला घटतो. डब्यावरची मुदत पाहायची. तो तंबूवर किंवा कपड्यांवर शिंपडायचा नाही. वाळलेल्या तिखटाचा वास अस्वलाला उलट आकर्षित करू शकतो. विमानात तो नेता येत नाही.

आपल्याकडे शहरात मिळणारा छोटा पेपर स्प्रे म्हणजे बेअर स्प्रे नव्हे. तो माणसासाठी केलेला असतो, धार बारीक आणि पल्ला दोन-तीन मीटरांचा. त्या अंतरावर अस्वल आले म्हणजे ते पोचलेच.

*मिरचीपूड.* पुडी उघडेपर्यंत दोन सेकंद संपतात आणि वाऱ्याबरोबर निम्मी आपल्याच डोळ्यांत जाते. मेसला परत करा.

*खुकरी, चाकू.* या शस्त्राचा पल्ला हाताएवढा. अस्वलाच्या पुढच्या पायाचा पल्लाही तेवढाच, आणि त्याच्या टोकाला पाच नखे. खुकरी लाकूडफाट्यासाठी ठेवा.

*फटाके.* अस्वल दूर असताना आवाजाने पळते हे खरे. पण दहा मीटरवर दचकलेल्या अस्वलाला आणखी दचकवण्यात शहाणपण नाही. शिवाय मार्च-एप्रिलमध्ये साग-मोहाच्या वाळक्या पाचोळ्यावर ठिणगी पडली, तर अस्वल परवडले म्हणायची वेळ येईल.

*काठी.* या यादीत आपल्या छात्रांसाठी सर्वांत उपयोगी साधन हेच. डोक्याएवढ्या उंचीची, हातात मावेल अशी मजबूत काठी. अस्वलाला झोडपणे हे तिचे मुख्य काम नव्हे. चालताना दगडावर ठकठक करत जाणे, झुडपावर हलके आपटून आपण येत असल्याची वर्दी देणे आणि प्रसंग आलाच तर तिचे टोक पुढे धरून अस्वल व आपला चेहरा यांत अंतर राखणे, ही तिची कामे. अस्वलाच्या हल्ल्यातल्या बहुतेक गंभीर जखमा डोक्याला आणि चेहऱ्याला होतात. म्हणून शेवटचे अर्धे मीटरही मोलाचे. काठी तर मुळातच हातात असते, काढावी लागत नाही. कसोटीला ती पूर्णपणे उतरते.

४. खरी संरक्षणफळी

आता सर्वांत महत्त्वाचे. दोन सेकंदांत करण्याजोगे फार थोडे आहे. पण त्या दोन सेकंदांच्या आधी दोन तास असतात, आणि ते पूर्णपणे आपल्या हातात असतात.

आवाज. जंगलात शांतता पाळा असे आम्ही नेहमी सांगतो, पण अस्वलाच्या भागात नियम बदलतो. बोलत चला. वळणावर, नाल्यात उतरताना, ओढ्याच्या खळखळाटाजवळ आणि दाट झुडपात टाळ्या वाजवा, हाक द्या. आपल्या अस्वलाचे कान बेताचे आहेत, म्हणून बुटाला बांधलेल्या छोट्या घुंगराने भागत नाही. माणसाचा मोकळा आवाज हवा.

वेळ. हे अस्वल पहाटे, संध्याकाळी आणि रात्री अधिक हिंडते. दिवसा गुहेत, खडकांच्या कपारीत किंवा दाट झुडपात विसावते. म्हणून उजाडल्यावर निघा, अंधाराआधी तळावर या, आणि दुपारच्या विश्रांतीला कपारीची सावली शोधू नका. मोहाची फुले पडू लागली की गावकरी पहाटे ती वेचायला जातात आणि अस्वलही त्याच झाडाखाली येते. असे कितीतरी हल्ले या एका झाडाखाली झाले आहेत. तळावर पहाटे शौचाला एकट्याने जायचे नाही. दोघांनी, बॅटरी घेऊन, बोलत जायचे.

टेहळणी. ताजे उकरलेले वारूळ, फळांच्या बियांनी भरलेली विष्ठा, पोळे असलेल्या झाडाच्या सालीवर नखांचे ओरखडे, पाच बोटांचा रुंद ठसा. यांतले काही ताजे दिसले तर गटनायकाने थांबून वाट बदलावी. त्यात कमीपणा नाही. टेहळणीचा उपयोगच तो.

तळ. हिमालयात हा मुद्दा विशेष. स्वयंपाक आणि अन्नसाठा झोपण्याच्या तंबूंपासून शंभर मीटर दूर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवा. बिस्किटाचा पुडा, खाऊ, टूथपेस्टसुद्धा तंबूत नको. खरकटे उघड्यावर टाकू नका.

गट. इथे मला माझीच एक चूक सांगायची आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी सातपुड्याच्या पायथ्याशी एका पदभ्रमणात दोन तरतरीत छात्रांनी पुढे जाऊन पाणी शोधण्याची परवानगी मागितली. मुलांचा उत्साह पाहून मी ती दिली. जाताना आवाज करत जा, एकत्र राहा, एवढेही सांगितले नाही. शे-दीडशे मीटर पुढे, कोरड्या नाल्याच्या वळणावर, मादी आणि तिची दोन पिल्ले त्यांच्या समोर आली. एक जण आमच्या दिशेने पळाला. दुसरा होता तिथेच खिळून उभा राहिला. मादी फुत्कारत त्याच्या अंगावर धावली, चार-पाच पावलांवर थांबली, आणि वळून पिल्लांना घेऊन झुडपात गेली. आम्ही पोचलो तेव्हा त्याच्या अंगावर ओरखडाही नव्हता, पण त्याला बोलता येत नव्हते. पळालेला मुलगा त्या रात्री जेवला नाही. एवढेच म्हणाला, "सर, मला वाटलं तो माझ्यामागेच येतोय." भेकड मुलगा नव्हता तो. त्याला काय करायचे हे कुणी शिकवले नव्हते, आणि ते शिकवणे माझे काम होते.

त्यानंतर माझा नियम ठरला. अस्वलाच्या भागात चारपेक्षा कमी जणांचा गट नाही, पहिला आणि शेवटचा यांत दहा पावलांपेक्षा जास्त अंतर नाही, आणि निघण्याआधी पुढची कवायत दोनदा करून घेतल्याशिवाय कूच नाही.

५. समोर आलेच तर : चार हुकूम

*थांब.* पळू नका, किंचाळू नका. अस्वल दूर असून त्याला तुमची चाहूल नसेल, तर आल्या वाटेने गुपचूप मागे फिरा. ते मागच्या पायांवर उभे राहिले तर घाबरू नका. ते अधिक चांगले पाहण्या-हुंगण्यासाठी असते, हल्ल्याची ती तयारी नव्हे.

*जवळ.* सगळे खांद्याला खांदा लावून एकत्र. लहानांना आत घ्या. काठ्या पुढे.

*बोल.* खालच्या, स्थिर आवाजात बोला. तुम्ही माणूस आहात हे त्याला कळू द्या. डोळ्याला डोळा भिडवू नका, पण नजर त्याच्यावरून काढू नका.

*मागे.* तोंड त्याच्याकडेच ठेवून सावकाश, थोडे तिरके मागे सरका. त्याची पळवाट अडवू नका. आई आणि पिल्ले यांच्या मध्ये कधीही येऊ नका.

अस्वल धावून आले तरी जागा सोडू नका. कित्येक चाली खोट्या असतात, ते मध्येच थांबते. या क्षणी मात्र सगळ्यांनी मिळून मोठ्याने ओरडायचे आणि काठ्या उगारायच्या. स्प्रे असेल तर तो आता.

६. अंगाला भिडलेच तर

एकटे असाल आणि अस्वल पोचलेच, तर पालथे पडा. पोट जमिनीला, पाय थोडे फाकलेले, बोटे एकमेकांत गुंफून हात मानेच्या मागे, कोपरे गालांच्या बाजूला. पाठपिशवी पाठीवरच राहू द्या, ती चिलखताचे काम करते. अस्वलाने उलथवले तर पुन्हा पालथे व्हा. ते गेल्यावर लगेच उठू नका. काही मिनिटे कान देऊन मगच हला. हिमालयातले काळे अस्वल ज्या जातीचे, तीच जात जपानमध्येही आहे आणि तिथेही लोकांना हीच पालथी स्थिती शिकवली जाते.

याला एक अपवाद आहे. अस्वल न दचकता, शांतपणे तुमच्या मागावर येत असेल किंवा रात्री तंबूत शिरले असेल, तर तो बचाव नव्हे, शिकार आहे. तेव्हा हाताला लागेल त्याने, तोंडावर आणि नाकावर मारत लढायचे. उत्तर अमेरिकेत १९०० ते २००९ या काळात तिथल्या काळ्या अस्वलांनी ६३ माणसे मारली, आणि त्यांतल्या बहुतेक घटना अशा शिकारीच्या होत्या. तिथले काळे अस्वल वेगळ्या जातीचे आहे, त्याचे नियम इथे जसेच्या तसे लावू नका. पण घाबरलेले आणि मागावरचे, हा फरक सगळीकडे ओळखावा लागतो.

साथीदार खाली पडला असेल तर उरलेल्यांनी पळायचे नाही. एकत्र राहून, ओरडून, ताटे-डबे वाजवून, काठ्या उगारून अस्वलाला हुसकवायचे. कुणीही एकट्याने पुढे धावायचे नाही.

नंतरचे काम शांतपणे करा. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा. डोक्याची जखम फार वाहते, पाहून हबकू नका. लोंबणारी कातडी ओढू नका, जागेवर ठेवून झाका. चेहऱ्याला जखम असेल तर कुशीवर वळवा, म्हणजे रक्त घशात जाणार नाही. ओरखडे साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा. ११२ किंवा १०८ वर कळवा. जखम छोटी असली तरी धनुर्वाताची आणि रेबीजची लस टाळू नका.

७. कायदा काय सांगतो?

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार आपल्या अस्वलांना कायद्याचे कडक संरक्षण आहे. त्याच कायद्याच्या कलम ११ प्रमाणे स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना, सद्हेतूने, वन्य प्राणी जखमी झाला किंवा मेला तर तो गुन्हा होत नाही. मात्र त्या वेळी तुम्ही स्वतःच कायदा मोडत असाल, समजा परवानगीशिवाय अभयारण्यात शिरला असाल, तर ही सवलत मिळत नाही. घटना घडली की वनखात्याला कळवणे हे गटनायकाचे कर्तव्य आहे.

८. पुन्हा त्या गोष्टीकडे

आता इसापाचे दोन मित्र तपासून पाहा. झाडावर चढलेला सुरक्षित होता असे आपण समजत आलो, तो नव्हता. अस्वलाच्या मनात असते तर ते वर गेले असते. खाली पडलेला वाचला, पण अस्वल मेलेल्याला शिवत नाही म्हणून नव्हे. अस्वले मढेही खातात. तो वाचला, कारण हालचाल थांबली आणि अस्वलाला त्याच्यात धोका दिसेनासा झाला. पुस्तकातल्या चित्रांत तो पुष्कळदा उताणा दाखवलेला असतो. तुम्ही मात्र पालथे पडायचे.

गोष्टीतले तात्पर्य मात्र शंभर टक्के खरे आहे, आणि युद्धशास्त्र म्हणूनही खरे आहे. दोघे खांद्याला खांदा लावून उभे राहिले असते, तर बहुधा कुणालाच पडावे लागले नसते. उद्या सामान भरताना काठी घ्या, शिट्टी घ्या, प्रथमोपचाराची पेटी तपासा. आणि चालताना मागे वळून आपला जोडीदार दहा पावलांच्या आत आहे ना, हे पाहत राहा.

स्वाध्याय

१. अस्वल ३० मीटरवर दिसले आणि त्याचा वेग सेकंदाला १० मीटर धरला, तर तुमच्याजवळ किती वेळ आहे? पाठपिशवीतून स्प्रे काढायला तुम्हाला किती वेळ लागतो? घड्याळ लावून पाहा.

२. बंदूक आणि स्प्रे यांच्या दोन अभ्यासांतल्या टक्केवारीची थेट तुलना का करता येत नाही?

३. आपल्या पुढच्या पदभ्रमणाच्या नकाशावर अस्वलाची गाठ पडू शकेल अशा तीन जागा खुणा करून दाखवा आणि प्रत्येकीचे कारण लिहा.

४. 'थांब, जवळ, बोल, मागे' ही कवायत आपल्या सेक्शनकडून ओझ्यासह दोनदा करून घ्या. दुसऱ्या वेळी हुकूम देणारा सर्वांत कनिष्ठ छात्र असावा.